निळी कार्डं, पिवळी कार्डं

दुपारी आमच्या दवाखान्यावर गुंगी चढते. पंखा फिरत राहतो, पडदा फुगतो आणि पुन्हा बसतो, बाकावरची माणसं आपापल्या दुखण्यासकट डुलक्या घेतात. मी इथली डॉक्टर; मला ही वेळ फार आवडते. तेव्हा मला कोणी प्रश्न विचारत नाही आणि मला मात्र भलभलते प्रश्न पडतात.

असाच एक पडला. बीपीच्या गोळ्या सगळ्यांना त्याच, मग सिस्टर ज्यांच्याशी गप्पा मारत बसतात त्यांचंच बीपी पटकन खाली का येतं? मोठ्या हॉस्पिटलातल्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "तुम्हाला वाटतं म्हणून काय होतंय? अभ्यास करून दाखवा." एवढ्याशा दवाखान्यात कसलं आलंय संशोधन, हे त्यांच्या आवाजात स्वच्छ ऐकू आलं. मग मीही इरेला पेटले.

सिस्टरांची जागा तात्पुरती होती. गप्पांचा उपयोग होतो असं दिसलं तर ती कायम करू, असं वरून कबूल झालं. माझी हौस आणि त्यांची नोकरी अशी एका गाठीत बांधली गेली. त्यांच्या घरात मिळवणाऱ्या त्या एकट्याच.

नियम सोपा होता. चिठ्ठी टाकून कोणाला निळं कार्ड, कोणाला पिवळं. निळ्यांनी गोळ्या घेऊन मागच्या खोलीत सिस्टरांशी बोलत बसायचं. पिवळ्यांनी गोळ्या घ्यायच्या आणि घरी जायचं, जसं कुठल्याही दवाखान्यात होतं तसं.

"म्हणजे पिवळ्यांशी मी अबोला धरायचा?" सिस्टरांनी विचारलं.

"अबोला नाही हो. गोळ्या द्यायच्या, कशा घ्यायच्या ते सांगायचं. बस्स."

"बरं," त्या म्हणाल्या. इतकं गोड 'बरं' ऐकून मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

अभ्यास सुरू झाला. मला स्वप्नातही कार्डं दिसायला लागली. निळी आणि पिवळी, दवाखान्यात पाणी भरलंय आणि त्यावर ती संथ तरंगतायत. मी हात घालायचे तर ती भलत्याच बाजूला सरकायची. जागी झाले की उगाच आनंद वाटायचा.

अभ्यास संपत आला होता. एका दुपारी तपासायच्या टेबलावर, पडद्याआड, मी जरा आडवी झाले. डोळा लागतोय न लागतोय तोच आवाज आला.

"आणि कबुतरं? येतात का अजून खिडकीत?"

"येतात ना. बायको गेल्यापासून घरात तीच काय ती बोलतात."

मला वाटलं, स्वप्नच. कबुतरं माझ्या पाण्यावर येऊन बसली, कार्डांच्या मधोमध. मग पडद्याच्या फटीतून उजेड डोळ्यावर आला आणि दारात उभे असलेले गुडघेवाले काका दिसले. त्यांच्या खिशातून पिवळं कार्ड डोकावत होतं.

काका जाईपर्यंत मी कशीबशी कळ काढली. "सिस्टर! पिवळे होते ते!"

"हो."

"अजून कोणाकोणाशी बोललात?"

बीपीचा पट्टा गुंडाळत त्या म्हणाल्या, "सगळ्यांशी. पण दारात, मॅडम. आत नाही बसवलं कोणाला. नियम पाळला मी."

मी कपाळाला हात लावला. "अहो, तुमची नोकरी आहे यात!"

"माहितीय." पट्टा गुंडाळून झाला होता, तरी त्या तो पुन्हा उलगडायला लागल्या. "त्या दिवशी एका पिवळ्या कार्डवाल्या आजींच्या हातावर गोळ्या ठेवल्या तर त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग काय, आधी कार्डाचा रंग बघू?"

राग तर इतका आला होता, आणि तो कोणावर काढावा तेच कळेना.

आकडे आले तेव्हा दोन्ही गट सारखेच सुधारले होते. सगळं मुसळ केरात! मी गप्प बसले असते तर 'गप्पांचा उपयोग शून्य' असा निकाल लागला असता, आणि सिस्टर घरी. पिवळ्यांतले बरे झालेले चारदोन हळूच गाळले असते तर सिस्टर कायम. तो मोह मला झाला, चांगला दोन दिवस झाला. शेवटी सरांना फोन लावला आणि दारातल्या गप्पांसकट सगळं सांगून टाकलं.

सर चक्क हसले. "अहो, ही बाई जिथे आहे तिथे पिवळा गट होणारच नाही. चूक तिची नाही, तुमच्या आखणीची आहे. माणसं वाटू नका, दवाखाने वाटा. एकात ती, एकात नाही. तोवर तिची जागा राहील, ते मी बघतो."

मी धावतच सिस्टरांना सांगायला गेले. त्या हसल्या, डोळे पुसले आणि पुन्हा हसल्या. मग एक दिवस सरांनी येऊन आमच्यासमोर दोन चिठ्ठ्या टाकल्या, एक आमच्यासाठी आणि एक पुलापलीकडच्या दवाखान्यासाठी. आमची मीच उघडली.

पिवळी.

खरं सांगते, सिस्टर आमच्याकडून जाऊ शकतात हे तोपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नोकरी वाचली या खुशीत मी हवेत होते. सिस्टर आपला चहाचा कप आणि खुर्चीवरची उशी घेऊन निघाल्या. दारात थांबल्या, नेहमीच्याच जागी. "आता तुम्ही पिवळ्या, मॅडम. सांभाळा हं. माझी नोकरी तुमच्या तोंडात आहे."

आज दुपारी त्याच आजी आल्या. मी त्यांच्या हातावर गोळ्या ठेवल्या. त्यांनी मागच्या खोलीकडे पाहिलं. "सिस्टर कुठं गेल्या?"

"पुलापलीकडे."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. काय झालं आजी, हे माझ्या ओठांवर आलं आणि मी ते गिळलं. इतकी वर्षं पेशंट बोलायला लागला की मी घड्याळ बघायचे. आज मला बोलायचं होतं आणि बोलता येत नव्हतं.

"सकाळी एक," मी म्हणाले. "जेवणानंतर एक."

आजींनी मान हलवली. पण धरलेला माझा हात काही सोडला नाही.

मी खुर्ची पुढे ओढली. "सकाळी एक," मी पुन्हा सांगितलं, या वेळी जरा सावकाश. "आधी पाणी प्यायचं. मग गोळी." पडदा फुगला आणि बसला. आजी ऐकत होत्या. मग मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, लहान मुलाला गोष्ट सांगावी तशी, "सकाळ होते. आपण उठतो…"