मदर ओडिलियाचं तोंड

पाय

यांवरून भांडण झालं नाही. जाड, अनवाणी, राइन नदीच्या चिखलात रोवलेले. गावातला जुना मठ मदर ओडिलियाने उभा केला, म्हणून चौकात तिचा ब्राँझचा पुतळा बसणार होता.

हात

एकात किल्ली, दुसऱ्यात बिअरचा पेला.
"पेला कशाला?" नगराध्यक्ष क्ल्युझनर म्हणाले.
"बिअर मदर स्वतः गाळायच्या, साहेब. प्यायच्याही," आमची शिल्पकार वाल्बुर्गा म्हणाली.
पेला राहिला.

डोकं

इथे अडलं. वाल्बुर्गाने मेणाची दोन डोकी केली. एक साहेबांच्या हट्टापायी, मान खाली घातलेलं. दुसरं तिच्या मनातलं: मागे कललेलं, खो खो हसणारं, पुढचा दात पडलेला.
"ही हसली नाही, तर पुतळ्यावर माझं नाव नको."
"बघू. ब्राँझ ओतणाऱ्यांचा फोन आला की मी सांगतो."
दोन्ही डोकी उत्तरेकडच्या कारखान्यात गेली.

(मान अजून जोडायची आहे. तोवर गुरुवार.)

ईस्टरच्या उपासांआधीच्या त्या गुरुवारी आम्ही बायका नगरपालिका ताब्यात घेतो आणि दिसेल त्या पुरुषाचा टाय कापतो. त्या दिवशी राज्य आमचं. इथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत. उत्तरेत कुणाला पत्ता नाही. कारखान्याने नेमका तेव्हाच फोन केला.
साहेब खाली बायकांना वाइन पाजत होते. त्यांच्या खुर्चीत ननचं सोंग घेऊन बसलेल्या रेझी मावशीने, म्हणजे वाल्बुर्गाच्या मावशीने, फोन उचलला.
"नगराध्यक्ष आहेत का?"
"आज मीच."
"बरं, बाई. कुठलं डोकं ओतू?"
शेजारी उभ्या वाल्बुर्गाने तिची बाही ओढली. "मावशी, नको गं! पुन्हा कुणी काम देणार नाही मला."
"तू गप." मग फोनमध्ये, गोड आवाजात, "हसरं. आणि दात बसवू नका हं."
दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीने साहेबांना सांगितलं, "फोन येऊन गेला. कळवलंय." खोटं काय होतं त्यात? साहेब मात्र झुकलेलंच डोकं सांगितलं असं धरून चालले.

तोंड

मे महिन्यात साहेबांनी पडदा ओढला आणि वर न बघताच भाषण वाचायला घेतलं. "ही नम्र, मान झुकवलेली..."
चौकात हशा फुटला. साहेबांनी वर पाहिलं.
"हे कुणी ठरवलं?"
"नगराध्यक्षांनी," रेझी मावशी ओरडली.
"मी? कधी?"
"तुम्ही कशाला? मी. गुरुवारी!"
आता तो हुकूम खोटा म्हणायचा, तर गुरुवारच खोटा म्हणायचा. तोही गावातल्या तमाम बायकांसमोर. पहिल्या रांगेत साहेबांची आईही बसली होती.
साहेबांनी भाषणाची घडी घातली.
"वाल्बुर्गाबाई," ते माइकवरच म्हणाले, "नाव कुठे कोरणार ते दाखवा."