गाळलेलं वाक्य

अंबरपेठच्या आमच्या तेलुगू चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना मराठीत पुटपुटणारी मी एकटीच. त्यामुळे लेकीचा, शलोमीचा, कॅन्सर पसरल्यापासून 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे वाक्य मी बिनधास्त गाळत आले. 'तुझे राज्य येवो' झालं की थेट पुढच्या 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे'वर. देवाला मराठी कळतं, हे सोयीनं विसरले.

काल डॉक्टरांनी हात टेकले, म्हणून तिला घरी आणलं. उशाशी बसून प्रार्थना म्हणू लागले, तर ती डोळे न उघडताच म्हणाली, "मम्मी, एक वाक्य खाल्लंस."

"तुला कुठं मराठी वाचता येतं गं?"

"ऐकता तर येतं ना! कधीपासून खातेस?"

"नाताळपासून."

"आज म्हण ना. मी रोज एकटीच म्हणते. भीती वाटते."

त्याची इच्छा काय आहे, ते तिच्या काळवंडलेल्या नखांवर मला स्वच्छ दिसत होतं. तरी म्हटलं, अख्खं वाक्य, त्याच्याशी घासाघीस न करता. तिनंही सोबत म्हटलं.

"आता भाकर," शलोमी म्हणाली.

चार दिवस तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. आम्ही दोघींनी रोजची भाकर मागितली.