आकांक्षाचे वाल

"आजी, माझा प्रयोग कुठाय?"

मोरीजवळच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत आकांक्षाने विचारलं, तेव्हा मीराबाई कढईत ओलं खोबरं भुरभुरवत होत्या.

"कसला प्रयोग? आधी दात घास."

"वालाची पुरचुंडी गं! इथेच लटकवलेली, पाणी गळायला. टीचरने घरून कडधान्याला मोड आणायला सांगितलेत. आज कुंडीत लावायचेत!"

मीराबाईंचा हात तसाच राहिला. त्यांनी कढईत पाहिलं. प्रयोग मस्तपैकी रटरटत होता.

आता यात त्यांची चूक म्हणावी, तर ती जुन्या सवयीची. भोईवाड्यातल्या चाळीच्या त्या खोलीत कामाची वाटणी ठरलेली होती. सून प्रिती वाल भिजत घालायची, मोड यायला पुरचुंडी बांधून खिळ्याला लटकवून कामावर निघून जायची. सोलायचं आणि फोडणीला टाकायचं सासूने. एरवी सासू-सुनेचं पिंपातल्या पाण्यापासून टीव्हीच्या रिमोटपर्यंत रोज वाजायचं, पण वालावरून कधी नाही, झालंच तर मिठावरून. वाल पिकवणाऱ्या रोह्याकडची माणसं ती, वालावरून कशाला भांडतील?

गेल्या गणपतीनंतर साध्या तापाचं निमित्त झालं आणि प्रिती गेली. तेव्हापासून घरात वालाचं बिरडं झालं नव्हतं. तिचं नावही कुणी काढत नव्हतं. नाव निघालं की मुलगा अमित उठून गॅलरीत जायचा, म्हणून मीराबाईही गप्प. आणि आठ वर्षांची नात तर विचारल्याशिवाय बोलेनाशी झाली होती. एवढ्या दिवसांत तिने मनावर घेतलेली ही पहिलीच गोष्ट, आणि आजीने तिलाच फोडणी दिली होती.

"तू सगळी वाट लावलीस!" आकांक्षा रडायला लागली. "मोठ्यांची मदत घ्यायची नव्हती. मी एकटीने केलेलं!"

"अगं बाय, मला काय ठाऊक? मला वाटलं..."

"काय वाटलं?"

मीराबाईंची नजर ओट्याच्या कोपऱ्यात गेली. तिथे बिरड्याची एक वाटी भरून, वर ताटली झाकून ठेवली होती. मघाशी वाल शिजताक्षणीच त्यांनी सवयीने काढून ठेवलेली.

"मला वाटलं, तुझ्या आईने घातलेत भिजत," त्या म्हणाल्या. "गाठ तशीच होती गं तिच्यासारखी."

आकांक्षाने ताटली उचलून बघितली. "ही मम्मीची?"

"हो. कामावरून भुकेली यायची ना."

मग मात्र मीराबाई पाटावर बसून ढसाढसा रडल्या. आकांक्षाने वाटी उचलली. मग आजीला टेकून बसली आणि ती वाटी तिने एकटीने संपवली.

दुपारी मीराबाई तिला सोडायला वर्गापर्यंत गेल्या. चूक आपली आहे, पोरीला ओरडू नका, एवढंच वर्गाच्या इरावतीबाईंना सांगायचं होतं. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत आकांक्षा उभी राहिली.

"टीचर, माझ्या वालाला मोड आलेले. मोठे. पण आजीने बिरडं केलं."

"हिने प्रयोग खाल्ला!" अर्णव ओरडला आणि सगळा वर्ग खिदळला. इरावतीबाईही हसू दाबत होत्या.

"आजीला सांगितलं नव्हतंस का?"

"नाही. मी मम्मीसारखी गाठ मारलेली. आजीला वाटलं, मम्मीनेच भिजवलेत."

इरावतीबाईंचं हसू मावळलं. प्रिती गेली तेव्हा त्या चाळीत येऊन गेल्या होत्या. त्यांनी दाराकडे, मीराबाईंकडे पाहिलं. पोरीला मात्र रडू आलं नव्हतं. ती त्यांच्याकडे बघत उभीच होती.

"मग?" त्यांनी हळूच विचारलं. "कसं झालेलं बिरडं?"

आकांक्षाने जरा विचार केला.

"मीठ कमी होतं. मम्मी असती तर बोलली असती आजीला."

"बोललीच असती," मीराबाई दारातून म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून तिथेच उभ्या राहिल्या.