मावशींचा फोटो
नर्तिकेच्या फोटोची फ्रेम केसभर कलली होती. फोटोग्राफर स्टुलावर चढून ती सरळ करत होता आणि खाली एक बाई पर्स पोटाशी धरून त्याच्या उतरण्याची वाट पाहत होती. त्याच्या पन्नास वर्षांच्या कामाचं प्रदर्शन उद्या उघडणार होतं. आज पाहुण्यांना मज्जाव होता, पण बाई शिरली होती.

"तुमच्या स्टुडिओत झाडायला यायच्या ना, त्या मावशींची मी मुलगी," तो उतरल्यावर ती म्हणाली.

"अरे वा! केवढी मोठी झालीस!"

पंचेचाळिशीच्या बाईला हे काय बोललो, असं त्याला लगेच वाटलं. ती मात्र हसली.

"आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. घरात तिचा एकही फोटो नाही. पण तुम्ही काढला होता. मी तिचा हात धरून उभी होते, तुम्ही म्हणालात, बाजूला हो गं. मग चार वेळा खटका वाजला. जुने सगळे फोटो लावलेत असं पेपरात वाचलं, म्हटलं तोही असेल."

फोटोग्राफरने चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

त्या काळी रोल जिवापाड जपावा लागे. कुणी हौसेने समोर येऊन बसलं आणि नाही म्हणवेना, की तो रिकाम्या कॅमेऱ्याने दोन-चार खटके वाजवायचा. माणूस खूश, रोल शाबूत. धंद्यातले बरेच जण हे करायचे आणि चहा पिताना त्यावर हसायचे. मावशींनी नंतर दोनदा विचारलं होतं. "धुवायला टाकलाय," त्याने सांगितलं. तिसऱ्यांदा विचारण्याआधी त्या आजारी पडल्या.

"निगेटिव्ह शोधाव्या लागतील," तो म्हणाला. "एकदा पाणी शिरलं होतं, त्यात बऱ्याच..."

स्टुडिओत पाणी कधीच शिरलं नव्हतं.

"शोधा सावकाश. मी रविवारी येईन. नाही सापडला तर पुढच्या रविवारी." तिने चिठोरं काढून फोन नंबर लिहायला घेतला. फोटोग्राफरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नका लिहू," तो म्हणाला. "कॅमेऱ्यात रोलच नव्हता. नुसता खटका दाबत होतो. फसवलं मी त्यांना."

तिने पेनाला टोपण लावलं. ते नीट बसेना, म्हणून पुन्हा लावलं. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर तो सुटला असता.

"मग तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "मला तिचा हात आठवतो, चेहरा नाही. सांगणारं आता कुणी उरलं नाही. तुम्ही पाहिलंत ना तिला कॅमेऱ्यातून? कशी दिसायची?"

भिंतीवरच्या नर्तिकेच्या हनुवटीवरचा व्रण, शेजारच्या फोटोतल्या न्यायमूर्तींची सुजलेली पापणी, हे सगळं त्याने डोळे मिटून सांगितलं असतं. मावशींचं कडक इस्त्रीचं हिरवं पातळ त्याला आठवलं. मांडीवर जुळवलेले हात आठवले. खटका दाबताना आपण मान वळवून मदतनिसाशी पडद्याबद्दल बोलत होतो, हेही आठवलं. त्यापुढे काही नव्हतं.

"जमेल तसं सांगा," बाई जवळ सरकली. "नाक कसं होतं?"

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"तुमच्यासारखंच."

"खरं?" तिचा हात आपसूक नाकाकडे गेला. चेहरा उजळला. "आणि डोळे?"