टाच दाबली होती त्यांनी

एक वाक्य सांगायचं होतं. एकच. ते सांगायला पेट्रोल लागलं नसतं, पाना लागला नसता, कुणाची परवानगीही लागली नसती. तरी पोरांनो, ते तुम्ही सांगितलं नाहीत. गाडी उघडलीत, कापलीत, जोडलीत, व्हिडिओ काढलेत आणि तेवढं वाक्य गिळलंत. आज एक माणूस खाटेवर पडून स्वतःच्याच पायावर संशय घेतोय, आणि तुम्ही गप्प आहात.

मी मोटारसायकल बोलतेय. रंग काळा, टाकीवर लाल पट्टा, शंभर सीसी. खरं तर शंभर सीसी मी आता फक्त आरसी बुकात आहे. तिथं अजून माझ्या जुन्या इंजिनाचा नंबर आहे. ते इंजिन शिरोली एमआयडीसीत एका शेडच्या कोपऱ्यात पोत्यावर पडलंय.

दोन हजार एकच्या दसऱ्याला कसबा बावड्याच्या बाळासोंनी मला घरी आणलं. शोरूमच्या दारात मी झेंडूचा हार घालून उभी होते आणि बाजारात म्हैस पारखावी तसे बाळासो माझ्याभोवती फिरत होते. तोवर त्यांनी फक्त सायकल चालवली होती. शोरूमच्या म्हाताऱ्या मेकॅनिकनं त्यांना माझ्याशेजारी उकिडवं बसवलं आणि गिअरच्या पट्टीची दोन्ही टोकं दाखवली.

"हे बघा पावणं, पुढं चवडा दाबला की गिअर वाढतोय. मागं टाच दाबली की उतरतोय. येवढं पायात ठेवा. बाकीचं गाडीच शिकवती तुमाला."

डोक्यात नव्हे, पायात ठेवा म्हणाला तो. बाळासोंनी पायातच ठेवलं. घरी पोचेपर्यंत त्याचं त्यांनी आपल्यापुरतं सूत्रही करून टाकलं होतं : चवडा चल, टाच थांब.

त्यानंतर तेवीस वर्षं आम्ही दोघांनी दूध वाहिलं. दोन्ही अंगांना दोन कॅन, सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेची फेरी. काटा चाळीसच्या वर कधी गेला नाही. दुसरी गाडी बाळासोंनी आयुष्यात चालवली नाही. संस्थेच्या अलीकडे उतार आहे, उताराच्या तोंडाशी लिंबाचं झाड आहे. ते झाड आलं की त्यांची टाच आपोआप पडायची. चपलेच्या घर्षणानं माझ्या पट्टीचं मागचं टोक तळहातासारखं गुळगुळीत झालं होतं.

त्यांचा मुलगा यशराज माझ्या टाकीवर बसून मोठा झाला. आठवीत असताना तो माझ्यावरच गाडी शिकला. शेताच्या वाटेवर बाळासो मागं बसून ओरडायचे, "चवडा चल! टाच थांब! यशा, टाच म्हटलं की! घातलीस का न्हाय उसात?"

हे एवढ्यासाठी सांगतेय, की त्या पोराला ते सूत्र माहीत होतं.

मध्यंतरी मी धूर टाकायला लागले. बाळासोंनी यशराजला सांगितलं, "शिरोलीतनं तेवढं बोअर करून आण. दुसरं काय करत बसू नको." बोअर म्हणजे सिलिंडर आतून घासून नवा पिस्टन बसवायचा. दोन दिवसांचं काम. मी आणखी दहा वर्षं दूध वाहिलं असतं.

यशराज मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. त्याचा मित्र धवल याच्या वडिलांचं शिरोलीत लेथचं वर्कशॉप होतं. तिथं अपघातात मोडलेल्या एका गाडीचं एकशे ऐंशी सीसीचं इंजिन आयतं पडलं होतं. धवलनं माझ्याकडे बघितलं, मग त्या इंजिनाकडे बघितलं.

"बोअर काय करतोस भावा? आख्खं काळीजच बदलू की हिचं."

"आबा मारतील."

"एकदा बसले की उतरायचे न्हाईत आबा."

माझ्या फ्रेमचा पुढचा पाइप ग्राइंडरनं कापला. नव्या जाड पट्ट्या वेल्ड केल्या. आठवडाभर दोघं जेवणखाण विसरून, मोबाइलवर व्हिडिओ काढत राबले. खोटं बोलणार नाही, हातात कसब होतं त्यांच्या. माझे ब्रेक मात्र जुनेच राहिले. त्यांचा विषय निघाला तेव्हा धवल म्हणाला, "ते नंतर बघू."

पहिली चक्कर यशराजनं मारली. वेग घेताना सवयीनं चवडा दाबला आणि मी पहिल्याच गिअरमध्ये गुरगुरत राहिले. गिअर वाढला तो टाच दाबल्यावर. त्या मोठ्या इंजिनाची रीतच वेगळी : पहिला गिअर खाली, बाकीचे सगळे वर. म्हणजे टाच दाबली की गिअर वाढणार.

"आयला, हिचं उलटं झालं की!" यशराज म्हणाला.

"मग आता चवडा थांब, टाच चल," धवल म्हणाला, आणि दोघं पोट धरून हसले.

म्हणजे ते वाक्य बोललं गेलं होतं. फक्त ज्याला त्याची गरज होती तो तिथं नव्हता. पुढं हायवेला मी ऐंशीवर पळाले आणि मलाही मजा वाटली, हेही कबूल करते.

दुपारी आम्ही घरी आलो. बाळासो वैरण टाकत होते.

"झालं का बोअर?"

यशराजनं मला स्टँडवर लावलं. "झालं की आबा."

"आवाज जाड येतोय."

"नवीन बोअर हाय. घट्ट असतंय."

बाळासोंनी मला न्याहाळलं. "फुगल्यागत दिसतीया." मग स्वतःच हसले. "धुतल्यावर म्हस पण मोठी दिसती म्हणा."

पोरगा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो ते खरं, एवढाच त्यांचा हिशेब होता. यशराज रविवारी निवांत सगळं सांगणार होता. किल्ली खुंटीला अडकवून तो मित्रांकडे गेला. खुंटीला किल्ली दिसली की संध्याकाळी साडेपाचला बाळासो निघतात, हे त्याच घरात वाढलेल्या पोराला माहीत नव्हतं?

साडेपाचला कॅन अडकवले. चवडा दाबला, पहिला गिअर पडला. पुन्हा दाबला, काही झालं नाही. "घट्ट हाय," बाळासो पुटपुटले, "बसंल चार दिसांत." पहिल्याच गिअरमध्ये मी गुरगुरत लिंबापर्यंत आले. उतारावर त्यांनी क्लच ओढला आणि टाच दाबली.

गिअर वाढला. ज्या इंजिनानं मला रोखून धरलं होतं त्यानं पकड सोडली आणि दोन भरल्या कॅनांनिशी मी पुढं झेपावले. घाबरलेला शहाणा माणूस जे करील तेच त्यांनी केलं. पुन्हा टाच दाबली. गिअर आणखी वाढला. पुढं कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या होत्या. माझे जुने ब्रेक किंचाळले, पण पुरले नाहीत.

बाळासोंचा उजवा खुबा मोडला. दूध रस्त्यावर वाहिलं. मला टेम्पोत घालून गोठ्याशेजारी आणून टाकलं, आणि तिथून मला सोप्यातली खाट दिसते.

खाटेवर बाळासो असतात. गाडीबद्दल त्यांनी अजून एक शब्द काढलेला नाही. आपल्या धडधाकट डाव्या पायाकडे, गिअरच्या पायाकडे, ते तासन्‌तास बघतात. गादीवर हळूच चवडा दाबतात, मग टाच दाबतात.

"टाच दाबली व्हती मी," ते बायकोला, चिमणाबाईंना म्हणतात. "का चवडाच दाबला आसंल गं?"

"जाऊ द्या ओ. जीव वाचला."

"तेवीस वर्सांत चुकला न्हवता पाय."

परवा धवल आला होता. दोघं माझ्यापाशी उभे राहून कुजबुजले.

"सांगावं म्हणतोय आबास्नी," यशराज म्हणाला.

"आता सांगून हाड जुळणार हाय का?"

हाड नाही जुळणार, धवल. पण हाडाशिवायही त्या माणसाचं काहीतरी मोडलंय, आणि ते एका वाक्यानं जुळेल. यंत्र बदलायला माझी ना नाही. पण ज्याच्या पायाखाली ते देणार, त्याला तोंड उघडून सांगा. माझ्याकडे नुसता हॉर्न आहे. त्यातून शब्द फुटत नाहीत, नाहीतर त्याच दिवशी उतारावर मी ओरडले असते.

आज सकाळी यशराज खाटेजवळ येऊन उभा राहिला. "आबा," तो म्हणाला, "त्या दिवशी गाडीचं..." बाळासोंनी मान वर केली. त्यांचा डावा पाय गादीवर थांबला.

तेवढ्यात शेजारच्या बायडाबाई संस्थेत न्यायचा कॅन घ्यायला आत आल्या. खाटेवरच्या पायाकडे, मग माझ्या चेमटलेल्या तोंडाकडे त्यांनी बघितलं आणि यशराजच्या पाठीवर मायेनं हात ठेवला.

"तू कशाला मनाला लावून घेतोस लेकरा? तू गाडी चांगली करून दिलीस की. वय झालं म्हंजे माणसाचा पाय आयकत न्हाय, त्याला कोण काय करणार?"