सेइलखानच्या पुढ्यातलं ताट

"याला म्हणतात पुलाव!" सेइलखान म्हणाला आणि डोळे मिटून सावकाश चावत राहिला. "गाजर पिवळं आहे. लिहून घे."

"मी ड्रायव्हर आहे, दादा. तुमचा कारकून नाही."

"मग ध्यानात ठेव. बाबा आधी गाजराचंच विचारतील."

मी मान खाली घालून घास गिळला. त्याचे बाबा त्या दिवशी सकाळी नऊ वाजता गेले होते. मला ते माहीत होतं, त्याला नव्हतं.

सेइलखान आमच्या खात्यात कालव्याचं पाणी मोजायचा. काठावरच्या पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते सकाळ-संध्याकाळ बघायचं आणि वर कळवायचं, यात त्याची तीस वर्षं गेली. कझाकस्तानाबाहेर त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. या वेळी ताश्कंदला पाणीवाटपाची बैठक होती, आणि साहेबांना कालवा जाणणारा माणूस हवा होता म्हणून त्याची वर्णी लागली. निघताना त्याच्या वडिलांनी, ओमिरझाक आजोबांनी, त्याला एकच काम सांगितलं. आजोबांचे दात केव्हाच गेलेले, दोन वर्षं नुसत्या सुरव्यावर, मटणाच्या पातळ रश्श्यावर काढलेली. "माझ्या वाटचं तू खा," ते म्हणाले, "पण रोज संध्याकाळी फोन करून सांगायचं. आणि थापा मारायच्या नाहीत."

दोन संध्याकाळी मी ते सांगणं ऐकलं होतं. भट्टीतला सामसा, इकडचा मटणाचा समोसा, कसा फुटला, आतला रस मनगटावरून कोपरापर्यंत कसा ओघळला, कांदा किती आणि चरबी किती, सगळं साग्रसंगीत. पलीकडून म्हातारा नुसता "मग? मग?" करत होता आणि पोरासारखा खिदळत होता. ऐकताना भरल्या पोटी मला पुन्हा भूक लागली होती.

सकाळी त्याच्या मेहुण्यानं फोन केला तो मला. परमुलखात असलेल्या माणसाच्या कानात अशी बातमी फोनवरून ओतायची नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. चार माणसांत बसवून, कुणीतरी वडीलधाऱ्यानं ती सांगायची. मी ताश्कंदमध्येच राहणाऱ्या आपल्या कझाक माणसांपैकी बैमुरात आजोबांना गाठलं. ते म्हातारे, गुरांचे निवृत्त डॉक्टर. "दोन वाजता हॉटेलात घेऊन ये," ते म्हणाले. "सरहद्दीपर्यंत गाडी तयार ठेवतो. मातीला थांबणारेत त्याच्यासाठी. तोवर फोन त्याच्या हाती लागू देऊ नकोस."

म्हणून मी खोटं बोललो. त्याचा फोन खोलीवर चार्जिंगला आहे म्हणालो, आणि तो माझ्याच खिशात मांडीला चटके देत होता.

पुलाव झाल्यावर आम्ही भटकत राहिलो. सप्टेंबरचं ऊन झाडांतून गाळून खाली येत होतं. रस्त्याकडेच्या पाटातून पाणी इतकं हळू चाललं होतं की शहरच डुलक्या घेतंय असं वाटावं. सेइलखान पाटाशी उकिडवा बसला, हात बुडवला आणि म्हणाला, "आज चार बोटं कमी आहे." पुढे खरबूजवाल्यानं फोड कापून दिली. ती त्यानं उन्हाकडे धरली. पलीकडचा उजेड पिवळा होऊन त्याच्या तोंडावर पडला.

"हे कसं सांगायचं रे?" तो म्हणाला. "मधासारखं म्हणावं तर मध नाही. थंड आहे, पण पोटात उतरताना ऊब लागते. बाबा म्हणतील, नीट सांग."

"सांगाल हो काहीतरी."

"काहीतरी नाही चालत त्यांना."

तो झोपेत चालावं तसा चालत होता, वासामागून वासाकडे. पावापाशी थांबला, द्राक्षांपाशी थांबला, पुटपुटत काही घोकत राहिला. एवढ्या मोठ्या शहरात त्याच्याजवळ त्याचे वडील अजून जिवंत होते आणि राखण करायला मी होतो. दोन वाजूच नयेत असं मला फार वाटलं. पण वाजले.

हॉटेलात बैमुरात आजोबांबरोबर आपलीच चार म्हातारी माणसं बसली होती. "माझ्यासाठी एवढी माणसं?" म्हणून सेइलखान संकोचला, पण खूशही झाला. मटणाचं मोठं ताट आलं, वर मेंढीचं डोकं.

डोकं आमच्यात मानाच्या पाहुण्यापुढे ठेवतात. त्यानं ते कापायचं आणि सगळ्यांना वाटायचं. पण ज्याचे वडील हयात आहेत, तो त्याला हात लावत नाही. तो मान वडिलांचा. माझ्या हाती तो चाकू एकोणिसाव्या वर्षी आला. सेइलखान सत्तावन्नचा, मिशा पांढऱ्या झालेल्या, तरी लग्नाकार्यात पोरं त्याला चिडवायची, "दादा, तुम्ही आमच्या पंगतीला बसा!" तोही ऐटीत जाऊन बसायचा. त्याच्या वयाच्या कुणालाच वडील उरले नव्हते.

आता आजोबा बोलतील म्हणून मी वाट बघत होतो. अशा वेळचे जुने, ठरलेले शब्द आहेत आमच्यात. आजोबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग दोन्ही हातांनी ताट हळूहळू फिरवलं, डोक्याचं तोंड सेइलखानकडे येईपर्यंत, आणि शेजारी चाकू ठेवला.

सेइलखान हसला. "चुकलात, आजोबा. माझे वडील आहेत अजून." त्यानं ताट अदबीनं परत फिरवलं.

कुणी हसलं नाही. आजोबांनी ते पुन्हा त्याच्याकडे वळवलं.

त्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे. मी खिशातून त्याचा फोन काढून त्याच्यासमोर ठेवला.

"कधी?"

"सकाळी. नऊला."

त्यानं फोन पालथा घातला. मग म्हणाला, "काही खाल्लं होतं का त्यांनी?"

मेहुण्यानं मला सांगितलं होतं. "दोन चमचे सुरवा. मग म्हणाले, पुरे, आता संध्याकाळी."

सेइलखाननं बाह्या सारल्या आणि चाकू उचलला. सुरुवात कुठून करायची हे त्याला ठाऊक नव्हतं. शिकायची वेळच आली नव्हती. पातं गालावरून घसरलं, मग हाडाशी अडलं. आजोबांनी मदतीला हात पुढे केला नाही. त्याला जमेल तसं तो कापत होता, आणि आम्ही रिकामी ताटं पुढ्यात घेऊन, तो वाढेल त्याची वाट बघत बसलो.