हेस्टरची घंटा

सप्टेंबरअखेर जेबझ टकवेलच्या तळ्यात सात हंस होते. नाताळ सरेपर्यंत चार उरले. तरी म्हातारा खुशीत होता, कारण त्याची मेलेली बायको हेस्टर पहाटे घंटा वाजवायला येत होती.

घंटा होती पाणचक्कीच्या भिंतीवर. हेस्टरचा खांदा दुखायचा, हात वर जाईना, म्हणून जेबझनं दोरी पार गुडघ्यापर्यंत सोडलेली. दोन टोल, जरा थांबून एक. की तळ्यातल्या बेटावरचे हंस पावासाठी काठाला हजर! हेस्टर गेली, घंटा मुकी झाली. आणि ऑक्टोबरात धुकं उतरलं तशी पुन्हा वाजू लागली. दोन, मग एक.

मेलेल्या माणसाकडे बघितलं तर ते परत येत नाही, असं त्या गावात शेंबडं पोरही सांगेल. म्हणून जेबझ खिडकीकडे पाठ करून बसे. टोपी काढून, चहाचे दोन पेले भरून.

काठावर पिसं सापडत. "मोठा मासा असेल," तो म्हणे.

"मासा?" शेजारची लव्हडे पिम कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "घंटा वाजली की एक हंस कमी होतो, जेबझ. बाई मेल्यावर हंस खायला लागली का? जिवंतपणी तिला कोंबडी सोलवत नव्हती!"

हे मात्र लागलं. पुढच्या धुक्यात घंटा वाजली तेव्हा जेबझनं मान वळवली.

कोल्हा होता. दोरी दातात धरून, मागच्या पायांवर बसून, अगदी मोजून ओढत होता. दोन, मग एक. किती हिवाळे झुडपात बसून ऐकलं असेल मेल्यानं! जेबझ ओरडत धावला. कोल्हा पळाला, पण सावकाश, ओळखीच्या घरून निघावं तसा.

जेबझनं शिडी लावली, घंटेचा लोलक काढला आणि खिशात टाकला.

"आता वाचतील तुझे हंस," लव्हडे म्हणाली.

"हो. पण घर फार गप्प झालंय गं."

 

जानेवारीत कडाका पडला. बेटाभोवतीचं पाणी हेच हंसांचं कुंपण. म्हणून जेबझ रोज वल्ह्यानं बर्फ फोडायचा. हंसांचे पंख पिल्लं असतानाच छाटलेले, उडायची सोय नव्हती. एका पहाटे तापानं त्याला उठवेना. तळं काठापासून काठापर्यंत गोठलं.

आणि घंटा वाजली. दोन. मग एक.

जेबझनं खिसा चाचपला. लोलक होता. गार, आणि पाखराच्या काळजासारखा थरथरत.

तो भिंत धरत दारापर्यंत आला. बर्फावरून चारही हंस फेंगडे पाय टाकत घराकडेच येत होते. त्यांच्यामागं, धुक्यात, कोल्हा रिकाम्या बेटावर उभा होता. फसल्यासारखा. शेपूट पायात घालून तो दुसऱ्या काठानं निघून गेला. या वेळी मात्र धावत.

चक्कीच्या भिंतीशी दोरी ताठ होती. खाली, गुडघ्याच्या उंचीवर, कुणीतरी ओढून धरल्यासारखी.

जेबझनं पटकन पाठ फिरवली. हंसांना आत घेतलं, दार लावलं आणि पाव कापायला बसला. जाड कापला. बारीक काप तिला कधी चाललेच नाहीत.